आजचा श्लोक : गीता १२.१३

बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. पहिलंच लक्षण काय? कोणाचाही द्वेष न करणं. मग मैत्री, मग करुणा. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आणि हे सगळं ते कुठे सांगतायत? कुरुक्षेत्रावर! समोर सैन्य उभं आहे. 'आधी चुरस सोड, मग मैत्री कर' अशी अट इथे नाही.

वाचताना मला नीरज चोप्रा आणि पाकिस्तानचा अर्शद नदीम आठवले. मार्च २०२४ मध्ये अर्शदला नवा भाला मिळत नव्हता. हे पटण्यासारखं नाही, असं नीरज उघडपणे बोलला. ज्याच्याशी ऑलिंपिकमध्ये गाठ पडणार, त्याच्या हातात चांगला भाला असावा असं वाटणं, बघा हं, सोपं नाही! त्याच ऑगस्टमध्ये पॅरिसला अर्शदने ९२.९७ मीटर फेकून सुवर्ण नेलं. नीरज ८९.४५ वर, रौप्य. त्याचे बाकीचे पाचही थ्रो फाऊल गेले. जीव तोडून फेकत होता तो. मैत्रीखातर हात आखडता घेतला नव्हता. घरी आई सरोजदेवी म्हणाल्या, सुवर्ण जिंकलं तोही आमचाच मुलगा.

आपण लगेच दोघांना 'भाऊ-भाऊ' करून टाकलं. मे २०२५ मध्ये मात्र नीरजने स्पष्ट सांगितलं की आमची फार जवळची दोस्ती कधी नव्हतीच. बरेच जण हिरमुसले. मला उलट तेव्हा श्लोकातला क्रम जास्त कळला. गळ्यात गळे घालणं नंतरचं, जमलं तर. द्वेष नसणं आधीचं, आणि ते दोस्ती नसतानाही जमतं.

आता आपलं बघू. एकाच अभ्यासिकेत शेजारी बसून एमपीएससी करणारे दोघं. यादी लागते, एकाचं नाव असतं. दुसरा 'अभिनंदन रे' टाइप करतो, पण सेंड करायला अंगठा क्षणभर थांबतो. किंवा ऑफिसात प्रमोशन एकच आणि दावेदार तिघं. त्यातला एक तर आपल्याला आवडतही नाही. अशा माणसाला लागणारी फाईल वेळेत पाठवायची, आणि उद्याच्या प्रेझेंटेशनची तयारीही जोरात करायची. श्लोक एवढंच मागतो. मला तरी हे 'सगळे आपले मित्र' म्हणण्यापेक्षा अवघड वाटतं, पण खरं वाटतं.

उद्या १४वा श्लोक. त्यात संतोष आणि दृढनिश्चय एकाच ओळीत आलेत, म्हणजे हा विषय उद्याही संपणार नाही बहुतेक.