फास्टॅग: घरीच उरकायची सहा कामं

अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाला आणि आम्हा हिंगोलीकरांना टोलनाक्यांची सवय करून घ्यावी लागली. राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. वापरता वापरता एक गोष्ट पक्की कळली: फास्टॅगचं काम घरी उरकायचं असतं, नाक्यावर नाही.

१. नंबर गाडी चालवणाऱ्याचा हवा. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर, मोबाइल नंबर पुण्यातल्या मुलाचा आणि चालवणारा तिसराच. मग बॅलन्स संपत आल्याचा मेसेज पुण्याला जातो, ओटीपीही तिकडेच. ज्या बँकेचा टॅग आहे तिथे नंबर बदलून मिळतो.

२. रिचार्ज आदल्या दिवशी करा. रांगेत उभं राहून पैसे भरले, तरी ब्लॅकलिस्ट झालेला टॅग लगेच चालू होईल याचा भरवसा नसतो. त्यात रेंज नसली की झालंच. नांदेडच्या दवाखान्यात पेशंट घेऊन निघालेल्या माणसाला ही दहा मिनिटंही जड जातात. टॅग चालत नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल, असा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला.

३. टॅग काचेलाच चिकटवा. त्यात बॅटरी नसते. नाक्यावरच्या अँटेनाच्या लहरी पोचल्या की तो आपला क्रमांक कळवतो. काच आतून पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या आणि आरशामागे टॅग चारही कोपरे दाबून बसवा. तो डॅशबोर्डवर टाकून किंवा हातात धरून दाखवू नका. असे सुटे टॅग ब्लॅकलिस्ट होतात.

४. जुनी गाडी घेतलीत तर टॅग नवा घ्या. आधीच्या मालकाचा टॅग काढायला लावा. गाडी विकताना आपला टॅग बंद करा आणि अनामत मागून घ्या.

५. वार्षिक पास हिशोब करूनच घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. पास फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनला मिळतो. आपल्या रस्त्यावर एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे जाऊन-येऊन दोन. समृद्धी महामार्गावर मात्र हा पास चालत नाही. वाशीमपुढे मालेगाव जहांगीरला समृद्धीवर चढलात, की उतरताना अंतराप्रमाणे टोल साध्या बॅलन्समधून जातो. त्यामुळे पास असला तरी खात्यात पैसे ठेवाच. पास नसेल आणि २४ तासांत परतलात, तर राष्ट्रीय महामार्गावर दोन्ही वेळचा मिळून दीडपटच टोल लागतो.

६. मेसेज वाचा, तक्रार करा. एकदा गाडी दारात उभी असताना टोल कापल्याचा मेसेज आला. त्यात नाक्याचं नाव आणि वेळ होती. त्याचा स्क्रीनशॉट जोडून बँकेकडे तक्रार केली, पैसे परत मिळाले. महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आहे. टॅग चालू आहे, पैसे पुरेसे आहेत आणि यंत्र नाक्याचंच बिघडलंय, तर राष्ट्रीय महामार्गावर नियमाने गाडी पैसे न घेता सोडावी लागते. हे शांतपणे, पण ठामपणे सांगा.

आज घरच्या गाडीचा टॅग कोणाच्या नंबरवर आहे ते पाहा. शेजारच्या ज्या काकांना मोबाइल जमत नाही, त्यांचाही तपासून द्या.