वैनगंगेच्या सोबतीनं समुद्रापर्यंत

आपल्या भागातलं कुटुंब गाडी काढून समुद्र बघायला निघालं की डोळ्यांसमोर कोकण येतं. मासिकांतले बेत पुण्या-मुंबईहून सुरू होतात आणि आपणही तेच उचलतो. पण बपेऱ्याहून नकाशा जरा पूर्वेकडं फिरवून बघा. तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या या गावापासून बंगालचा उपसागर सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. अरबी समुद्र मात्र साडेसातशेच्याही पुढं. शिवाय या मुलखातलं बावनथडीचं नि वैनगंगेचं पाणी पूर्वेलाच जातं. वर्धेला मिळून ते प्राणहिता होतं, सिरोंच्याला गोदावरीत शिरतं आणि आंध्रात समुद्राला मिळतं. झाडीपट्टीतल्या माणसानं समुद्राची सहल आखायची तर ती याच पाण्याच्या सोबतीनं आखावी, असं मला मनापासून वाटतं.

जाताना नदीकाठ, मग समुद्रकिनारा, आणि परतताना अरकू-बस्तरचा डोंगर असं एक वर्तुळ होतं. अंतर साधारण दोन हजार ते सव्वादोन हजार किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी असेल तर दीडशे लिटर पेट्रोल धरून चला. दिवस दहा ठेवा, नऊवर येऊ नका. रोज सरासरी दोनशे किलोमीटर पुरे. शेवटच्या परतीच्या दोन दिवसांत रस्ता चांगला आहे, तिथं तीनशे जमतात.

कधी निघायचं हे आधी ठरवा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कोकणचा माणूस दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर जातो, पण पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद वादळ थेट विशाखापट्टणमवर आदळलं होतं. त्यामुळं डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातले संक्रांतीचे चार-पाच दिवस तेवढे वगळा. गोदावरी जिल्ह्यांत संक्रांत म्हणजे आपली दिवाळी. बाहेरगावी गेलेला प्रत्येक माणूस गावी परततो, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव ऐकवत नाही. 2027 च्या पावसाळ्यात गोदावरी पुष्कर हा नदीस्नानाचा सोहळा आहे, तेव्हा राजमहेंद्रीला स्नानासाठी जाणाऱ्यांनीच जावं.

पहिला दिवस लहान ठेवा. बपेरा, सिहोरा, तुमसर करत भंडाऱ्याला या आणि तिथून आंभोऱ्याला वळा. वैनगंगेला इथं कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी येऊन मिळतात. चैतन्येश्वराचं देऊळ आहे, आणि मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथंच लिहिला अशी या भागाची श्रद्धा आहे. अंबाजोगाईकरांचाही तसाच दावा आहे. 2024 साली इथला केबलवरचा पूल खुला झाला. त्याच्या मधल्या उंच गॅलरीतून गोसीखुर्द धरणाचं साठलेलं पाणी लांबवर पसरलेलं दिसतं. संध्याकाळी पवनी गाठा. तीन बाजूंनी जुनी तटबंदी आणि चौथ्या बाजूला नदी असं हे गाव. 1969-70 च्या उत्खननात इथल्या जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप उजेडात आला. हे लक्षात ठेवा, पुढं समुद्रावर त्याची आठवण येईल.

दुसऱ्या दिवशी गोसीखुर्द धरण, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोली. धरणाची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींनी केली. अकरा किलोमीटरहून लांब भिंत आहे, आणि या पाण्याखाली आपल्याच जिल्ह्यातली कितीतरी गावं गेली, तेव्हा तिथं दोन मिनिटं गाडी थांबवा. चामोर्शीजवळचं मार्कंडा मात्र घाईत उरकू नका. दक्षिणेला निघालेली वैनगंगा इथं काही अंतर उत्तरेकडं वळते आणि त्या वळणावर काळसर दगडाची शिवमंदिरं उभी आहेत. भिंतींवरच्या मूर्ती बघायला सकाळचं तिरपं ऊन लागतं, म्हणून मुक्काम गडचिरोलीला करून सकाळी लवकर तिथं पोचा. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. जत्रेसाठी जायचं नसेल तर तो आठवडा टाळा.

मार्कंड्याहून आष्टी. जवळच चपराळ्याच्या जंगलात वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि वैनगंगा हे नाव संपतं. पुढं आलापल्ली, मग सिरोंचा. या शंभर किलोमीटरच्या टप्प्याचा विचार वेगळा करा. रस्ता अनेक वर्षं खराब राहिला आहे, कामं चालू-बंद होत असतात, पंप विरळ आहेत आणि मोबाइलची रेंज मध्येच जाते. आलापल्लीत टाकी पूर्ण भरा, हवा तपासा, घरी फोन करून कुठं मुक्काम आहे ते सांगा आणि सकाळीच निघा. अंधारात हा रस्ता घेऊ नका. पोलीस ठाणी, मदत केंद्रं, बंदोबस्त यांचे फोटो काढू नका. कुणी थांबवून विचारलं तर गाडीतला दिवा लावून, काच खाली करून शांतपणे सांगा. लोक मदतच करतात. आलापल्लीजवळ जुन्या सागवानाचं राखलेलं वन आहे आणि सिरोंच्याकडं वडधमला जीवाश्म सापडलेत. मुलं सोबत असतील तर दोन्ही दाखवा.

सिरोंच्यात राहण्याची सोय मोजकी आहे, त्यामुळं आधी फोन करूनच जा. इथं मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. प्राणहिता गोदावरीला मिळते तो संगम पाहून पूल ओलांडला की तेलंगणातलं काळेश्वर. देवळात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत, एक यमाचं आणि एक शिवाचं. एप्रिल 2022 मध्ये प्राणहिता पुष्कर झाला तेव्हा दोन्ही तीरांवर गर्दी उसळली होती. एरवी इथं शांतता असते.

आता कागदपत्रांचं बोला. स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी असेल तर राज्याची सीमा ओलांडायला वेगळा परवाना लागत नाही. आरसी, विमा, पीयूसी, लायसन जवळ ठेवा आणि डिजिलॉकरमध्येही ठेवा. भाड्याची पिवळ्या पाटीची गाडी करणार असाल तर मालकाला तेलंगण, आंध्र, ओडिशा आणि छत्तीसगड या सगळ्या राज्यांचा परवाना आहे का ते आधीच विचारा, लिहून घ्या. फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट 2025 पासून निघाला, तेव्हा तो तीन हजारांचा होता. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, म्हणून खात्यात वेगळे पैसेही असू द्या. गाडीचं सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा म्हणजे काही ढिलं राहिलं असेल तर ते गावातल्या गावात कळतं. स्टेपनीत हवा आहे का, जॅक चालतो का, हे स्वतः बघा.

काळेश्वरहून भूपालपल्लीमार्गे पालमपेटला जा. तिथलं रामप्पा मंदिर 1213 सालचं, काकतीयांच्या काळातलं. 2021 मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारशात घेतलं. शिखराच्या विटा पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या आहेत. पुढं एटुरनागारमच्या जंगलातून भद्राचलम. रामाचं देऊळ गोदावरीच्या काठावरच आहे, पहाटे दर्शन घ्या.

या पट्ट्यात एका गोष्टीपासून फार जपायचं. धान निघालं की लोक ते डांबरी रस्त्यावर वाळवतात. निम्मा रस्ता धानानं झाकलेला असतो आणि कडेनं ओळीनं दगड मांडलेले. दिवसा दिसतं. संध्याकाळी धान पोत्यांत भरून लोक घरी जातात, पण दगडांपैकी दोन-चार तिथंच राहतात, रस्त्याच्या रंगाचेच. दुचाकीवाल्याच्या तर ते जिवावर बेततात, कारचंही चाक फुटतं किंवा चेंबर ठोकतं. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं दिवा नसतो, तसंच तिथंही. पूर्वेला सूर्यही लवकर मावळतो, डिसेंबरात विशाखापट्टणमला साडेपाचच्या सुमारास. म्हणून नियम एकच, साडेचारला मुक्कामाचं गाव गाठलेलं असावं.

भद्राचलमहून राजमहेंद्रीला चिंतूर-मारेडुमिल्लीच्या घाटातून जाता येतं. जंगल दाट आहे, वळणं सलग आहेत. गाडी लागणाऱ्यांना पुढं बसवा. मारेडुमिल्लीत बांबूच्या नळीत शिजवलेलं कोंबडीचं मटण मिळतं. पापिकोंडाच्या डोंगरांतून बोटीनं जायचा मोह होईल. जरूर जा, पण लाइफ जॅकेट घालून बसा आणि नदीला पाणी चढलेलं असेल तर तिकीट काढूनही परत फिरा. सप्टेंबर 2019 मध्ये पुराच्या पाण्यात इथं बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला.

राजमहेंद्रीला गोदावरीवरचे पूल संध्याकाळी पुष्कर घाटावरून बघा. दुसऱ्या दिवशी धवळेश्वरमचं धरण. आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 मध्ये इथं पहिला बंधारा घातला आणि दुष्काळात होरपळणारा त्रिभुज प्रदेश हिरवा झाला. या इंग्रज इंजिनियरचे पुतळे इथल्या गावोगावी दिसतात, लोक त्यांना हार घालतात. गोसीखुर्दच्या कालव्याची वाट बघत पिढी घालवलेल्या आपल्या शेतकऱ्यानं हे पाहावं असं मला वाटतं.

पुढं कोनसीमा. नारळाच्या बागा, कालवे आणि कालव्याच्या काठानं जाणारा अरुंद रस्ता. कठडा बहुतेक ठिकाणी नाही. समोरून बस आली की आपण पाण्याच्या बाजूला सरकायचं नाही. थांबायचं, हवं तर मागं घ्यायचं, आणि तिला जाऊ द्यायचं. आत्रेयपुरममध्ये पूतरेकुलू मिळतात, तांदळाच्या पापुद्र्यात गूळ-तूप भरलेली मिठाई. मग अंतर्वेदी. वसिष्ठ गोदावरी इथं समुद्राला मिळते, लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ आहे, माघात मोठी यात्रा असते. बपेऱ्याकडचं पाणी याच मुखानं किंवा पलीकडच्या गौतमीच्या मुखानं समुद्रात जातं. बाटलीत वैनगंगेचं पाणी आणणारे असतात, ते इथं सोडतात तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरून येतात.

इथून अमलापुरम, यानम करत काकीनाडा. कोरिंगाच्या खारफुटीत लाकडी वाटेवरून चालता येतं. मच्छरांसाठी लांब बाह्यांचा शर्ट घाला. काकीनाडा ते उप्पाडा रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो. सुंदर आहे, पण लाटांनी तो वारंवार फोडला आहे. सकाळी स्थानिकांना विचारूनच त्यावर गाडी घाला. उप्पाड्याच्या जामदानी साड्या विणकरांच्या घरीच बघायला मिळतात.

विशाखापट्टणमला दोन मुक्काम ठेवा. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, इथं तो समुद्रातून वर येतो, त्यामुळं पहाटे उठणं हीच इथली मुख्य गोष्ट. शहरापासून भिमिलीपर्यंतचा किनारी रस्ता सावकाश, अर्धा दिवस देऊन करा. वाटेत थोटलकोंडा नावाच्या टेकडीवर बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. पवनीचा स्तूप पाहून आलेल्याला ते ओळखीचे वाटतील. जवळच लाल वाळूचे उंचवटे आहेत, तिथून दगड-वाळू उचलू नका. समुद्रात गुडघ्याच्या वर जाऊ नका. हा किनारा एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तलाव-नदीत पोहणाऱ्या आपल्या पोरांना ‘मला पोहता येतं’ हा भरवसा असतो, तो इथं उपयोगी नाही. गाडीही वाळूवर उतरवू नका. किनारा सुटला की पहिल्या वॉशिंग सेंटरवर खालची बाजू गोड्या पाण्यानं धुऊन घ्या.

परत फिरताना अनंतगिरीचा घाट, बोर्रा गुंफा, अरकू. वृद्ध मंडळींना विशाखापट्टणमहून काचेच्या डब्याच्या गाडीनं अरकूला पाठवा आणि तुम्ही कारनं जा; बोगद्यांचा हा रेल्वेमार्ग त्यांना घाटरस्त्यापेक्षा सोसवेल. मग कोरापुट, जगदलपूर आणि चित्रकोटचा धबधबा. तिथं दिसणारी इंद्रावती पुढं सिरोंचा तालुक्यातच गोदावरीला मिळते. केशकाळचा घाट उतरला की रायपूर, आणि रायपूरहून महामार्गानं भंडारा.

खाण्यापिण्याची काळजी फार करू नका. दुपारी ‘मील्स’ मागा, भाताचं भरपेट ताट येतं, आणि भात खाणाऱ्या आपल्या लोकांना ते अंगाला लागतं. तिखट मात्र आपल्यापेक्षा चढं. लहानांसाठी दही वेगळं सांगा. एडम म्हणजे डावीकडं, कुडी म्हणजे उजवीकडं, नीळ्ळू म्हणजे पाणी, एवढ्या तीन शब्दांवर गावाकडचे रस्ते निभावतात.

ज्यांना चारच दिवसांची रजा आहे त्यांनी आंभोरा, पवनी, मार्कंडा, सिरोंचा एवढंच करून परत यावं. तीही पुरती सहल आहे. चार दिवसांत समुद्र गाठण्याचा हट्ट मात्र धरू नका, त्यासाठी दहा दिवसांची रजा आत्ताच मागून ठेवा.