संकटकाळी ईशस्तुती आणि दात्याचे कर्तव्य



टंचाईनिवारणाच्या अहवालात जमाखर्च असावा, धान्याची आवक-जावक असावी, दात्यांची नामावली असावी; तेथे धर्मविषयक पाठाचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सुरगाण्याच्या पाड्यांवर जो कोणी मदत घेऊन जाईल, त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहिल्यावाचून राहणार नाहीत. पहिला हा की, ज्या ख्रिस्ती कुटुंबाची कणगी रिकामी आहे त्याने देवाची स्तुती करावी ती कोणत्या आधारावर? दुसरा हा की, आपले धान्य ज्याच्या पदरात पडले त्याने आपल्या मनाजोगी स्तुती करावी, अशी अपेक्षा दात्याने धरावी काय? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती समजल्याने आपल्या दानाची रीत सुधारेल, अशा विश्वासाने हा अल्प अभ्यास आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. सुरगाणे हे पूर्वीचे एक लहानसे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले व आज तो नाशिक जिल्ह्याचा एक तालुका आहे. सह्याद्रीच्या डोंगराळ भागात, गुजरातच्या सीमेस लागून तो वसलेला असून वस्ती बहुतांशी कोकणा, वारली, कोळी, भिल्ल अशा आदिवासी समाजांची आहे. येथे पाऊस थोडा पडतो असे मुळीच नाही. आषाढ-श्रावणात तो अक्षरशः कोसळतो. परंतु जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली कातळ; सबब पाणी मुरण्याआधीच नार-पारसारख्या नद्यांवाटे पश्चिमेस निघून जाते. ज्या पाड्याने चार महिने पाऊस झेलला, त्याच पाड्यावरील बायका चैत्र-वैशाखात हंडे घेऊन दरीत उतरतात. नागली, वरई, भात, खुरासणी ही पावसाच्या भरवशावरची पिके. ती सरली की माणसे दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांत मजुरीस जातात, आणि घरी म्हातारी माणसे व लहान मुले उरतात.

१८७६ ते १८७८ च्या किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसे रस्त्यावर मरून पडत, तसे आज घडत नाही, ही समाधानाची गोष्ट होय. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रास जो धडा दिला, त्यातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तथापि पाण्याची ओढ, धान्याची तूट आणि कर्जाची टाच ह्या तिन्ही गोष्टी अद्याप गरिबाच्या उंबऱ्यावर बसलेल्या आहेत. ह्या मुलखात कोणी कणसरीस धान्याची माता मानून तिला पुजतो, कोणी डोंगऱ्या देवाचा उत्सव करतो, कोणी ख्रिस्ताच्या नावाने प्रार्थनेस बसतो. भूक मात्र सर्व घरांस एकाच पायलीने मोजते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. संकटात देवाची स्तुती करणे म्हणजे संकट नाही असे म्हणणे, असा पुष्कळांचा समज आहे. ख्रिस्ती शास्त्र तसे सांगत नाही. बायबलाच्या जुन्या करारात हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याचे अवघ्या तीन अध्यायांचे पुस्तक आहे. वकिलीचा धंदा केलेल्या माणसास त्याची रचना विशेष परिचित वाटते. पहिला अध्याय ही उघड फिर्याद आहे: अन्याय डोळ्यांपुढे चालला असता देवा, तू किती काळ स्वस्थ बसणार, असा तिचा आशय. दुसऱ्या अध्यायात फिर्यादी बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहतो. तिसऱ्याच्या अखेरीस स्तुती येते. परंतु ती येण्यापूर्वी संदेष्टा नुकसानीचा रीतसर पंचनामा करतो. अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा आणि गुरांचा गोठा अशा सहा बाबी तो एकामागून एक घेतो आणि प्रत्येकीपुढे शून्य मांडतो. एकही बाब तो झाकून ठेवीत नाही. हा हिशेब पुरा झाल्यावर, तरीही मी माझ्या देवाच्या ठायी आनंद करीन, अशा निश्चयावर तो येतो.

ह्यातील ‘तरीही’ हा शब्द सर्व पाठाचा गाभा होय. पीक आले म्हणून केलेली स्तुती ही पावती आहे. तिच्यातही वाईट काही नाही. पण पीक गेले असता, ते गेले हे स्पष्ट सांगून केलेली स्तुती ही श्रद्धा आहे. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. वधस्तंभावर ख्रिस्ताने जो टाहो फोडला, तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. देवाने आपणांस टाकले, ह्या आक्रोशाने सुरू झालेले ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळते. रडणे हे अश्रद्धेचे लक्षण असते, तर हे स्तोत्र उपासनेच्या पुस्तकात आलेच नसते. म्हणून सुरगाण्यातील एखादी ख्रिस्ती माता प्रथम रडली व मग गायिली, तर तिच्या रडण्यास कोणी दोष देऊ नये आणि तिच्या गाण्यास कोणी भाबडेपणा म्हणू नये.

हे केवळ पुस्तकी विवेचन नव्हे; महाराष्ट्राने ते प्रत्यक्ष पाहिले आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील व बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या हालअपेष्टांत निवर्तले. स्वतः रमाबाई भावासह अन्नावाचून पायी हिंडल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा उपासमारीची ती ओळख त्यांना घरी बसू देईना. त्या तेथे गेल्या आणि शेकडो मुली व विधवा त्यांनी सोडवून आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे जे मुक्तिसदन उभे राहिले, तेथील संख्या १९०० पर्यंत दीड हजारांवर गेली. तेथे प्रार्थना होती, तसेच शेत होते, गुरे होती, माग होते, छापखाना होता, आंधळ्या बायकांसाठी शिक्षण होते. १९२१ मध्ये कन्या मनोरमाबाई वारल्या, तरी हिब्रू व ग्रीक मूळांवरून बायबलाचे सोपे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. १९२२ साली त्यांचा अंत झाला, तोवर ते तडीस गेले होते. रमाबाईंची स्तुती काय होती, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की, भुकेची जी आठवण माणसास कडू करते, तिचेच त्यांनी दुसऱ्यांसाठी अन्न केले. हीच त्यांची स्तुती.

तथापि येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रमाबाईंच्या शारदा सदनावर १८९३ साली धर्मांतराचा आरोप होऊन कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. दुष्काळातील अनाथ मुलांच्या धर्माविषयीही त्या काळी मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, ह्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्यामागचा प्रश्न खरा होता व आजही आहे: उपाशी माणसाने दिलेली संमती ही खरोखर संमती असते काय?

कायद्याने ह्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे संमती मोकळी असली पाहिजे. सोळाव्या कलमात गैरवाजवी दडपणाची व्याख्या आहे. वय, आजार अथवा मानसिक वा शारीरिक क्लेश ह्यांमुळे ज्याच्या विचारशक्तीवर परिणाम झाला आहे, अशा माणसाशी केलेला व्यवहारही तीत विचारात घेतलेला आहे. दडपणाने घेतलेली संमती ज्याची तो रद्द करून मागू शकतो. व्यवसायात मी असे कागद पाहिले आहेत, ज्यांवरील अंगठा शाईने उठला होता खरा, पण तो दाबला होता भुकेने. पोटात आग असलेल्या माणसापुढे कोणताही कागद ठेवा, तो अंगठा देईल. जमिनीच्या बाबतीत जी गोष्ट आपण अन्याय म्हणून ओळखतो, ती देवाच्या बाबतीत पुण्य कशी होईल? धान्य देऊन बोलविलेली स्तुती ही रद्द करण्याजोगी आहे. आणि माझी अशी समजूत आहे की, ज्या न्यायासनापुढे ती सादर होते, तेथे ती दाखलच होत नाही.

ख्रिस्ती शास्त्राचाही कल असाच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात क्लौद्य कैसराच्या काळातील दुष्काळाची हकीकत आहे. तो पडणार असे समजताच अंत्युखिया येथील शिष्यांनी ठराव केला की, प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे द्यावे, आणि ती मदत बर्णबा व शौल ह्यांच्या हाती यहूदीयातील वडीलमंडळींकडे पाठविली. पुढे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अशाच एका वर्गणीसंबंधी, पैशाबाबत कोणास बोट दाखविता येऊ नये म्हणून पौल विश्वासू माणसे बरोबर देतो. त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात तो क्रम सांगतो: दानाने प्रथम गरज भागते, आणि त्यातून देवाची उपकारस्तुती भरून वाहते. म्हणजे स्तुती हे दानाचे फळ आहे. दानाचा मोबदला नव्हे. झाड लावणारा फळाची वाट पाहतो. तो रोपाच्या मानेवर हात ठेवून फळ मागत नाही. याकोबाच्या पत्रात तर, उघड्या व उपाशी बांधवास केवळ शुभेच्छा देऊन वाटेस लावणाऱ्या श्रद्धेस निर्जीव म्हटले आहे. दात्याची स्तुती ओठांत नसून त्याच्या मापात असते, हाच त्याचा अर्थ.

मोकळ्या श्रद्धेचे उदाहरण पाहण्यास दूर जाणे नको. नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ह्यांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर दुःखाचा डोंगर कोसळला व काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही प्रारंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. आपल्या विचाराने, आपल्या वेळी, १९०० साली त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात त्यांनी ती हकीकत ज्या हसऱ्या मनाने सांगितली आहे, तीवरून मोकळेपणी आलेली श्रद्धा दुःखातही किती निरोगी राहते हे दिसते. टिळकांनीही ख्रिस्ताची स्तुती अभंगाच्या घरगुती वळणात बांधली, आणि ती पदे आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत टाळाच्या साथीने गायिली जातात. संकटात माणसाच्या तोंडी येते ती उसनी भाषा नव्हे, आईची भाषा येते.

तेव्हा ह्या अभ्यासाचे तात्पर्य येणेप्रमाणे. जे ख्रिस्ती बांधव संकटात आहेत त्यांनी आपले नुकसान देवापुढे व माणसांपुढे स्पष्ट मांडावे. त्याने श्रद्धेस उणेपणा येत नाही. रडून झाल्यावर गावेसे वाटले तर गावे, न वाटले तर शेजाऱ्याने त्यांच्यासाठी गावे. जे दाते आहेत त्यांनी धर्म विचारून माप भरू नये. ख्रिस्ती म्हणून अधिक नाही, ख्रिस्ती म्हणून उणे नाही. ज्याच्या हाती धान्य द्यावयाचे त्याच्याकडून गीत, जयघोष अथवा आभाराचे भाषण मागू नये. आणि आषाढात पाऊस कोसळत असता चैत्राची आठवण ठेवावी. कारण अंत्युखियाच्या शिष्यांनी दुष्काळ पडण्यापूर्वीच ठराव केला होता.

व्यापारी बंधूंनो, आपल्या वखारीतील एक पोते. जमीनदार बंधूंनो, आपल्या खळ्यावरील एक वाटा. एवढ्यानेही एखाद्या घरची चूल काही दिवस पेटेल. त्या चुलीभोवती कोणाची स्तुती होईल, हे त्या घरावर सोपवा. आपले काम एवढेच की, तेथे जो कोणी गाईल त्याने भरल्या पोटी गावे, आणि जो गप्प राहील त्यासही भाकरी मिळावी.