भिंतीवरचा जुना कागद

मुलांनो, ईद जवळ आली की घराला रंग द्यायचे ठरते. पण भिंतीवर जुना नक्षीचा कागद असेल तर? ओढल्यावर वरचा पापुद्रा निघतो, खालचा तसाच राहतो. सुरीने खरवडला, तर गिलावाच खाली येतो!

असा कागद बहुधा खळीने चिकटवलेला असतो. खळ म्हणजे तुमच्या घरी जिला लई म्हणतात तीच, पिठाची. ती कोमट पाण्याने मऊ होते. आधी मोठ्यांकडून मेन स्विच बंद करून घ्या. कागद गुळगुळीत, मेणचट असेल तर त्याला बारीक चिरा पाडा, म्हणजे पाणी आत शिरेल. भिंत ओल्या फडक्याने भिजवा आणि पंधरा मिनिटे थांबा. हे थांबणेच सर्वांत अवघड! मग कड उचलून कागद हळूहळू ओढा. उरलेली खळ धुऊन काढा, नाहीतर नव्या रंगाचे पोपडे निघतात.

कागदाखाली जुना तेलरंग दिसला, तर तो कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशावर दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा आपल्या देशात 2017 मध्ये लागू झाली. तुमच्या भिंतीचा रंग कदाचित त्याआधीचा असेल. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. तेव्हा धाकट्या भावंडांना खोलीबाहेर ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना बोलवा.