पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर कामावर केव्हा जावे?

कमरेच्या मणक्यांमधील चकती फाटून तिचा भाग मज्जातंतूच्या मुळावर दाबला गेला की पायात कळा उतरतात, हे मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 1934 साली दाखवून दिले. हा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आता सर्वत्र होते. त्यानंतर रुग्णाचा पहिला प्रश्न कामावर जाण्याविषयीच असतो. कारण शिल्लक रजा संपत आलेली असते आणि घर त्याच्याच वेतनावर चालत असते.

या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेचा प्रकार, कामाचे स्वरूप व पायातील शक्ती यांवर अवलंबून असते. केवळ चकतीचा भाग काढला असल्यास बैठे काम साधारणतः 2 ते 4 आठवड्यांनी सुरू करता येते. ओझी उचलणाऱ्या हमालास मात्र सुमारे 3 महिने थांबावे लागते. मणके जोडले असल्यास हाड सांधण्यास कित्येक महिने लागतात व मुदत त्या प्रमाणात वाढते.

पूर्वी दीर्घ विश्रांतीवर भर असे. 1996 साली कॅरागी व सहकाऱ्यांनी 50 रुग्णांवर कोणतेही निर्बंध घातले नाहीत. ते सरासरी दोन आठवड्यांच्या आत कामावर परतले. अतिविश्रांतीने स्नायू दुर्बल होतात व भीती बळावते. यास्तव चालणे लवकर सुरू करावे. बैठे काम करणाऱ्यानेही पुढे वाकून बसू नये व दर अर्ध्या तासाने उठावे.

केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 मधील नियम 24 अन्वये, वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घेतलेल्या कर्मचाऱ्यास पात्रता प्रमाणपत्राशिवाय कामावर रुजू होता येत नाही. परंतु त्यात केवळ ‘काम करण्यास पात्र’ एवढेच लिहिल्यास पुरेसा उलगडा होत नाही. किती वजन उचलावे, सलग किती वेळ बसावे किंवा वाहन चालवावे व हे निर्बंध कोठवर पाळावेत, हे चिकित्सकाने नमूद केल्यास कार्यालयप्रमुखास सोयीचे काम नेमून देता येते. त्यासाठी रुग्णाने आपले काम नेमके कोणते, हे चिकित्सकास आधीच सांगावे. ‘सरकारी नोकरी’ या उत्तरातून शिपाई व लिपिक यांतील भेद कळत नाही.

लघवी अडणे, गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा पायाची शक्ती कमी होणे ही लक्षणे दिसल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.