‘देसी अड्डा’ची डिस्क आहे? मग प्रत काढून ठेवा

प्लेस्टेशन २ साठी २००९ साली ‘देसी अड्डा’ आली: विटीदांडू, कबड्डी, पतंग. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ही त्याच वर्षीची. जगभर खपलेल्या गेमची प्रत कुणी ना कुणी जपलेली असते, या डिस्कांचा तसा भरवसा धरू नये. त्यात घर तमिळनाडूतल्या कुंभकोणमजवळ, पट्टीश्वरम्‌ला असेल तर घाई करा. कुंभकोणमकडे खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, आणि त्या दमट हवेत बंद कपाटातल्या डिस्कवर बुरशी धरते. स्वतः विकत घेतलेल्या गेमची राखीव प्रत काढायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे; ती वाटायला नाही.

डिस्क उलटी करून पाहा. खालची बाजू निळी असेल तर सीडी, चंदेरी असेल तर डीव्हीडी. मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. सीडीची छापील बाजूही जपा. माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो.

संगणकाचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. इम्गबर्न या प्रोग्रॅममध्ये डिस्कवरून इमेज करा, वेग कमी ठेवून. डीव्हीडीची आयएसओ फाइल मिळेल, सीडीची बिन आणि क्यू अशी जोडी. जोडी तशीच ठेवा, कन्सोलवर फाइलीतून गेम चालवणाऱ्या ओपन पीएस२ लोडरसाठी तिची वेगळी आयएसओ करून घ्या.

फाइल तयार झाली म्हणजे काम झालं असं मुळीच नाही. जमल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर डिस्क पुन्हा वाचा, दोन्ही फाइलींचा एमडी५, म्हणजे फाइलीचा ठसा, काढून ताडा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी पुन्हा पुसा, पुन्हा वाचा. डिस्कांची नोंद ठेवणाऱ्या रीडम्प या संकेतस्थळाच्या यादीत ती डिस्क असेल तर तिथेही पडताळा. वाचताना चूक दाखवली की अनेक जण ‘दुर्लक्ष करा’ दाबून मोकळे होतात. मग ऐन रंगात आलेला गेम गोठतो.

प्रत कन्सोलवर चालवायची तर पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर सीडी आणि डीव्हीडी नावांचे फोल्डर करा, नावं रोमन मोठ्या अक्षरांत. ४ जीबीहून मोठी फाइल तिथे मावत नाही, तिचे यूएसबीयुटिलने तुकडे करा. फाइली एकेक करून चढवा. विखुरलेली फाइल ओपन पीएस२ लोडरच्या जुन्या आवृत्त्यांना चालत नाही.

लोडर उघडायला फ्री मॅकबूटचं मेमरी कार्ड लागतं. अगदी शेवटच्या स्लिम कन्सोलांवर ते चालत नाही, तिथे ओपनट्यूना वापरा. मधली चित्रफीत अडखळली तर प्रतीला दोष देऊ नका: या कन्सोलचं यूएसबी जुन्या १.१ चं आहे. लॅनची केबल जोडून संगणकावरूनच गेम चालवलात तर ती अडचण बरीच कमी होते.