बुडालेल्या ओढ्याकाठची क्रॅपी

डॅलसहून पूर्वेला साधारण दीड तासावर लेक फोर्क आहे. सुमारे 27,000 एकर पाणी, 1980 मध्ये पुरं झालेलं धरण, आणि पाणी भरताना न तोडता ठेवलेली, आता वाळून उभी असलेली हजारो झाडं. टेक्सासातल्या सपाटीला कंटाळलेल्या मराठी भटक्यांनी एखादा शनिवार इथे बोटीत घालवावा आणि क्रॅपी धरून पाहावी. हा मासा नवशिक्याला सामावून घेतो. थव्याने राहतो, हलक्या साहित्यावर लागतो आणि चवीला उत्तम.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना एकच कळकळीचं सांगणं आहे, अख्खा जलाशय पालथा घालू नका. एक फाटा निवडा, शक्यतो जुन्या ओढ्याचा, आणि दिवसभर तिथेच राहा.

तो फाटा कुठला, हे घरीच ठरतं. सह्याद्रीत कंटूरचे नकाशे वाचत फिरलेल्यांचा हात इथे कोणी धरणार नाही. जलाशय म्हणजे बुडालेलं खोरं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, हे आपण पाहिलेलं आहे. इथेही ओढ्यांची पात्रं, जुने रस्ते, बांध, शेततळी पाण्याखाली जागच्या जागी आहेत. खोलीच्या नकाशात एखादी सोंड काठावरून पाण्यात उतरते आणि पुढे ओढ्याच्या वळणाला जाऊन टेकते, ती जागा पहिली. ओढा पुलाखालून जात असेल तर पुलाचे खांब दुसरी जागा. अशा तीन-चार खुणा करून निघा. टेक्सासचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं अनेक जलाशयांत माशांसाठी मुद्दाम टाकलेल्या झुडपांच्या जागा अक्षांश-रेखांशांसह प्रसिद्ध करतं, तेही पाहून घ्या.

मग ऋतू. वसंतात पाणी 60 ते 65 अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं की क्रॅपी अंडी घालायला उथळात येते, कमरेएवढ्या पाण्यातही. नर घरट्याची राखण करतात आणि त्या दिवसांत काळेभोर दिसतात. नवशिक्यासाठी हा सर्वांत सोपा काळ. उन्हाळ्यात मासा सावली आणि खोली धरतो, पण फार तळाशी नाही. वरच्या कोमट थराखालच्या गार पाण्यात तेव्हा प्राणवायूच कमी असतो, म्हणून तिथे गळ सोडण्यात अर्थ नाही. थंडीत थवे ओढ्याच्या खोल पात्रात, उभ्या झाडांच्या आधाराने राहतात.

साहित्य थोडकं लागतं. लांब, लवचिक काठी, चार ते सहा पौंडांची तंगूस, एक सोळांश औंसाची जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा आमिष-गळ, आणि सोबत जिवंत मिनो, म्हणजे छोट्या मासोळ्या. जिगच्या रंगावरून दुकानात तासभर वाद होतात. माझ्या मते रंगापेक्षा खोली महत्त्वाची. क्रॅपीचे डोळे डोक्यावर वरच्या बाजूला असतात, ती वर बघून खाते. आमिष माशाच्या थोडं वर राहिलं पाहिजे, खाली गेलं की तिच्या लेखी ते नसल्यातच जमा. म्हणून बोट झाडाला दोरीने बांधा, जिग सरळ खाली सोडा, दर थोड्या वेळाने फूटभर उचला. पहिला मासा ज्या खोलीवर लागला ती तंगुसावर खूण करून ठेवा, बाकीचे बहुधा तिथेच आहेत. अर्ध्या तासात काहीच नाही तर पुढच्या झाडाकडे चला. समोरचं पाणी जिवंत दाखवणारी महागडी सोनार यंत्रं हल्ली सगळीकडे दिसतात. पहिल्या वर्षी ती नकोत, साधा खोलीमापक पुरे.

मासा लागला की हिसका देऊ नका. क्रॅपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि गळ फाडून निघतो. काठी नुसती वर उचला, तंगूस ताणलेली ठेवा आणि मासा जाळीनेच बोटीत घ्या.

बोटीबद्दल मात्र हयगय नको. लेक फोर्कवर बोयांनी आखलेले बोटमार्ग आहेत, त्यांच्या बाहेर अगदी हळू चला. पाण्याच्या पातळीखाली दडलेला एक बुंधा पंखा मोडायला पुरतो. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला. 13 वर्षांखालच्या मुलांना चालत्या छोट्या बोटीत ते कायद्यानेच सक्तीचं आहे. इंजिन बंद करणारी दोरी चालकाने अंगाला अडकवावी. बोट पाण्यात लोटण्यापूर्वी तळाचा बूच लावला का, हे दोघांनी तपासा. वारा वाढून पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की मासे लागत असले तरी परत फिरा.

वयाची 17 वर्षं पूर्ण झालेल्यांना मासेमारीचा परवाना लागतो. राज्याचा सर्वसाधारण नियम दिवसाला 25 क्रॅपी आणि किमान 10 इंच लांबी असा आहे. लेक फोर्कवर डिसेंबर ते फेब्रुवारीत नियम उलटा आहे. लांबीची अट नाही, पण धरलेली प्रत्येक क्रॅपी ठेवायची, आणि 25 झाल्या की थांबायचं. खोल पाण्यातून भरकन वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडला तरी तो बहुधा जगत नाही, म्हणून ही व्यवस्था. नियम बदलतात, निघण्याआधी खात्याचं पत्रक वाचा. जेवढे खाणार तेवढेच आणा. काटे काढलेले तुकडे, हळद-तिखट-मीठ आणि तांदळाचं पीठ, बास. मांस नाजूक असतं, रस्सा फार वेळ उकळू नका.

परतताना धक्क्यावरच बोटीतलं, माशांच्या टाकीतलं, मिनोच्या बादलीतलं सगळं पाणी काढून टाका, ट्रेलरला अडकलेलं शेवाळ उपटा. कायदाच तसा आहे. 2009 मध्ये लेक टेक्सोमात झेब्रा शिंपला सापडला आणि तिथून तो टेक्सासातल्या कितीतरी जलाशयांत पसरला. त्याचं पिल्लू डोळ्यांना दिसतही नाही, ते पाण्याच्या थेंबातून जातं. पुढच्या जलाशयावर बोट न्यायच्या आधी ती कोरडी ठणठणीत होऊ द्या.